ऑस्तियातला ॲटिस: फोरमच्या पुढे, पार शेवटच्या कोपऱ्यात

ॲटिस हा मूळचा फ्रिजियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला देव, सायबेली या मातृदेवतेचा प्रियकर. पण त्याचं देऊळ जागेवर उभं राहून बघायचं तर रोमजवळच्या ऑस्तिया अँतिकाला, म्हणजे रोमच्या जुन्या बंदरगावाच्या अवशेषांत जावं. इ.स.पू. 204 मध्ये रोमनांनी सायबेलीची काळी शिळा फ्रिजियाकडून आणवली, त्यानंतर तिच्या पाठोपाठ हाही इटलीत रुजला. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर तिच्या देवळाचा नुसता चौथरा उरलाय. वेळ कमी असेल तर तो सोडला तरी चालेल.

मेट्रोच्या बी मार्गाने पिरामिदेला उतरा. शेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून ऑस्तियाची लोकल मिळते, शहरातलं साधं तिकीट चालतं, अर्ध्या तासात पोचता. स्टेशनाबाहेरचा पादचारी पूल ओलांडून सरळ चालत राहा. सोमवारी अवशेष बंद असतात. हिवाळ्यात संध्याकाळ लवकर होते, त्यामुळे दुपारी निघालात तर हा कोपरा हमखास राहतो.

बहुतेक जण थिएटर आणि फोरम, म्हणजे गावाचा मुख्य चौक, बघून माघारी वळतात. तुम्ही फोरमवरच्या कॅपिटोलियम या उंच विटांच्या देवळाकडे पाठ करून कार्दो मॅक्सिमस या रस्त्याने दक्षिणेला, लाउरेंतिना वेशीपर्यंत जा. दहा मिनिटं लागतात. फरशी ओबडधोबड आहे, पातळ तळाची चप्पल नको. वेशीच्या आत तटबंदीला लागून तिकोनी मोकळं मैदान आहे. सावली जवळजवळ नाही, पाण्याची बाटली थिएटरजवळच भरून घ्या. पश्चिम टोकाला देवीच्या देवळाचा चौथरा दिसतो. त्यावरच समाधान मानू नका. ॲटिसचं छोटं देऊळ विरुद्ध टोकाला आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना पॅन या रानदेवाच्या बकऱ्याच्या पायांच्या मूर्ती खांबासारख्या उभ्या आहेत, हीच खूण.

आत आडवा पहुडलेला ॲटिस दिसतो. ही प्रतिकृती आहे, मूळ मूर्ती व्हॅटिकनच्या संग्रहालयात. पुष्कळांना ती बाई वाटते. टोपीवरची चंद्रकोर आणि किरण बघा, मग नजर खाली आणा: लिंग नाही. पाइनच्या झाडाखाली त्याने ते स्वतःच कापलं आणि तिथेच मेला. देवीच्या सूचनेवरून ही मूर्ती गायस कार्तिलियस यूप्लसने वाहिली, असं तिच्यावर कोरलंय.

मेलेला ॲटिस पुन्हा जिवंत होतो, ही अपेक्षा मात्र बेतानेच ठेवा. एका कथेत त्याला एवढंच मिळतं: देह कुजणार नाही, केस वाढतील, करंगळी हलेल. त्याच्या सणातला 25 मार्चचा आनंदोत्सव, हिलारिया, इ.स. 354 च्या रोमन पंचांगात नोंदलेला आहे. 22 ला पाइनचं झाड मिरवत आणायचे, 24 ला रक्ताचा दिवस, 27 ला देवीचं स्नान. जमलं तर याच आठवड्यात जा; ऊनही सोसवतं.

मूळ मूर्तीसाठी व्हॅटिकनचं तिकीट आधीच काढा. रविवारी, महिन्याचा शेवटचा सोडून, ते बंद असतं. म्हणजे रविवार ऑस्तियाला, सोमवार व्हॅटिकनला. मूर्ती ज्या ग्रेगोरियानो प्रोफानो विभागात आहे तो गर्दीच्या वाटेवर नाही आणि कधीकधी बंदही असतो; आत शिरल्याशिरल्या तो उघडा आहे का ते विचारून घ्या.