पडक्या वाड्याची नोंद : तळमजला पुरा, माडी बाकी

तळमजल्याचा आराखडा पुरा झाला. दिंडी दरवाजापासून परड्याच्या भिंतीपर्यंतची मापं कागदावर आली, आता माडी तेवढी राहिली. पन्हाळा तालुक्यातल्या या गावाचं आणि घराण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कड्या-कोयंडे उचकटून नेणारे फिरतच असतात. सोप्यातल्या झोपाळ्याच्या पितळी साखळ्या आधीच गेल्या आहेत, वर आढ्याला नुसत्या कड्या लोंबतायत.

किल्ली गावातल्याच काकूंकडे असते. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर वारसांची ही भली मोठी यादी, त्यातले बरेचसे पुण्या-मुंबईला. त्यामुळे काकूंना सांगितल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. पडके वाडे मोजून नोंदवायच्या या छंदात नव्यानं येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं राहील. पडका असला तरी तो कुणाचा तरी वाडा असतो.

या खेपेचा बराच वेळ मधल्या सोप्याच्या पश्चिम कोपऱ्यात गेला. जोतं घडीव काळ्या दगडाचं, त्यावर भेंड्याच्या भिंती. भेंडा म्हणजे मातीची न भाजलेली वीट. कोरडा असेतोवर तो पिढ्यान्‌पिढ्या वजन पेलतो, पण पाणी मुरलं की त्याचा पुन्हा चिखल होतो. पावसाचा मारा आपल्याकडे पश्चिमेकडून, आणि नेमकी तिथलीच काही कौलं सरकलेली. पाणी वाशावरून भिंतीच्या माथ्यावर उतरलं, तिथून गिलाव्याच्या मागे. गिलावा फुगून सुटलाय आणि आतली माती बोटानं निघते. देवळीतली दिव्याची काजळी मात्र वरच्या निम्म्या भागात अजून तशीच आहे, खालची ओघळांनी धुऊन गेली.

त्याच कोपऱ्यात तुळईचं टोक भिंतीत शिरतं. टोच्यानं तपासलं. मधोमध टोचा जेमतेम रुततो, लाकूड खणखणीत सागवान आहे. भिंतीपासून वीतभर अंतरावर मात्र तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणून माडीवर चढलो नाही. जुन्या पाटणावर, म्हणजे माडीच्या फळ्यांच्या जमिनीवर, भिंतीच्या कडेनं चालावं असं आपल्यात सर्रास सांगितलं जातं, पण जिथं पाणी भिंतीतून उतरतं तिथं तुळईची टोकंच आधी कुजतात. अशा घरात कडेवर भरवसा ठेवणं जिवावर बेतू शकतं. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून काठीला मोबाइल बांधला आणि वरचं चित्रण करून घेतलं.

त्या चित्रणात एक सुरेख गोष्ट सापडली. उत्तरेच्या उंच भिंतीवर, आताच्या छपराच्या बरंच खाली, जुन्या छपराच्या उताराची तिरकी खूण स्पष्ट दिसते. खुणेच्या खाली भेंडे, वर भाजक्या विटा. म्हणजे माडी मागाहून चढवलेली. खाली पडलेल्या एका मंगलोरी कौलाच्या पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा ठसा आहे. त्यांचा मंगळूरचा कौलांचा कारखाना 1865 चा, आणि पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने दुसऱ्यांच्या हाती गेले. मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली 1891 मध्ये. एवढ्या जड कौलांचे ढीग रेल्वेशिवाय इथवर आले असतील असं मला वाटत नाही, म्हणून माडी 1891 नंतरची धरून चाललोय. कौलं दुसऱ्या घरावरून उतरवून आणलेली असली तर हा हिशेब चुकेल. तेव्हा छपरावर बसलेल्या कौलांचे ठसे मिळेपर्यंत हा अंदाजच.

परड्यात पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार आहे, दगडी झाकण अर्धं सरकलेलं. वरूनच उजेड टाकून पाहिलं. पेवात कुणीही उतरू नये. बंद पेवात वाईट हवा साठते आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याचा घेर पाहता इथं खंडोगणती धान्य येत असणार. पुढं 1948 चा कूळ कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. ते न्याय्यच होतं. पण खंडाच्या, म्हणजे कुळांकडून येणाऱ्या, धान्यावर उभ्या राहिलेल्या अशा वाड्यांच्या डागडुजीचा पैसाही तिथंच आटला.

तरी माणसं गेली म्हणून वाडा पडला, असं मी म्हणणार नाही. काकूंनी नेमकं सांगितलं: “सासरे हुते तवर दरसाली मिरगाच्या आधी कौलं चाळून घ्यायचे. आता त्येला माणूसच घावंना झालाय बगा.” कौलं काढून पुन्हा नीट बसवायची ही चाळणी थांबली, तिथून पुढचं सगळं पाण्यानं केलं. खांब शाबूत आहेत, जोतं हललेलं नाही, दिंडीचा अडसर अजून भिंतीतल्या खोबणीतून अलगद सरकतो. एवढं शाबूत असताना वाडा हातचा जाऊ देणं मला पटत नाही.

काकूंच्या पुण्यातल्या दिरांशी फोनवर बोलणं झालं. पश्चिमेची बाजू शाकारून घ्यायला ते तयार आहेत, गवंड्यालाही विचारलंय. भिंतीत उगवलेला पिंपळ उपटायचा नाही, मुळांबरोबर भिंत येईल. तो बुंध्याशी कापून ठेवायचा आणि फुटवे येतील तसे छाटायचे. तुळईच्या टोकाखाली तात्पुरता टेकू द्यायचा, मगच छपराला हात. त्यानंतर माडीची मापं.

जुनी मंगलोरी कौलं हवी आहेत. पन्हाळा, करवीर, शाहूवाडी भागात कुणी घर उतरवत असेल तर कळवा. न्यायला ट्रॅक्टर आहे.