आमची वाटचाल : दुकानातले सर्वांत तरुण काडतूस १९०६ सालचे

आमच्या दुकानात आज सहा बोअरची, म्हणजे सहा मापांच्या नळ्यांची, काडतुसे मिळतात. बाराबोर, .२२, बत्तीसचे रिव्हॉल्व्हर, बत्तीसचे पिस्तूल, तीनशे पंधरा आणि तीस-झिरो-सिक्स. .२२ लाँग रायफल १८८७ चे, रिव्हॉल्व्हरचे बत्तीस १८९६ चे, पिस्तुलाचे १८९९ चे. तीस-झिरो-सिक्सच्या नावातच साल आहे, १९०६, आणि हे आमच्याकडचे शेंडेफळ.

माझा भाचा कोलोरॅडोत असतो. शाळेत असताना सुट्टीभर दुकानात बसायचा, पण मी त्याला बंदुकीला हात लावू दिला नाही. तिकडे जाऊन शिकला. मागच्या दिवाळीत फोन आला, "मामा, एल्कसाठी रायफल घ्यायचीय. सेव्हन पीआरसी घेऊ की सिक्स पॉइंट एट वेस्टर्न? दहा वर्षांनी काडतूस कोणाचे मिळेल?" एल्क म्हणजे तिकडचे मोठे हरीण, आणि ही दोन तिकडची नवी काडतुसे. म्हटले, गाढवा, योग्य माणसाला विचारलेस. मेलेल्या काडतुसांनी आमचे दुकान जवळजवळ बुडवले होते.

अण्णांनी दुकान काढले १९६१ साली, ठाण्यात, कोर्ट नाक्याच्या अलीकडे, दोन दारांचा गाळा. शहापूर, मुरबाड, जव्हारपर्यंतचे गिऱ्हाईक. शेतकरी ठासणीची किंवा एकनळी घेऊन यायचे, शिकारीचे शौकीन डबल बार आणि विलायती रायफली. १९६९ च्या दिवाळीत मुंबईतल्या एका मोठ्या पेढीवाल्याने अण्णांना बोलावून घेतले. चहा, चिवडा, पाठीवर हात. म्हणाला, "मी आवरतं घेतोय, जड बोअरचा सगळा माल तुम्हाला निम्म्यात देतो." .३७५ हॉलंड, .४०४ जेफरी, .४७०, आणि .३१८ वेस्टली रिचर्ड्स, खोक्यांवर खोकी. विलायतेत कायनॉक या काडतूस कंपनीने साठच्या दशकात ही मोठी काडतुसे एकेक करत बंद करत आणली होती. अण्णांचा हिशोब असा की माल येणे बंद झाले म्हणजे भाव चढणार. सावकाराकडून पैसे उचलले.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा. झाले. भाव चढायला काडतूस दुर्मीळ असून भागत नाही, ते उडवायला काहीतरी लागते. त्या पेढीवाल्याला दिल्लीतली हवा आधीच लागली होती, हे आम्हाला दोन वर्षांनी त्याच्याच मुनिमाकडून कळले. तो गृहस्थ पुढे व्यापाऱ्यांच्या बैठकीत अण्णांच्या शेजारी बसायचा आणि "काय, कसं चाललंय?" विचारायचा. अण्णा "बरं चाललंय" म्हणायचे. मी असतो तर काय म्हणालो असतो ते इथे छापण्याजोगे नाही.

सावकाराचे देणे भागवायला गाळ्याचे एक दार पागडीने दिले. त्या अर्ध्यात आजही साड्या विकतात, आणि लग्नसराईत त्यांची गर्दी आमच्या पायरीवर उभी राहते. उरलेल्या अर्ध्याला जगवले ते जत्रेतल्या फुगेवाल्यांनी. एअरगनला परवाना लागत नव्हता. फुगेवाल्यांच्या एअरगन वर्षभर हाणामारी करून आमच्याकडे यायच्या. स्प्रिंग दमलेली, चामड्याचा वायसर वाळून कडक झालेला.

हे काम आमचे उस्ताद करायचे. अण्णांचे कामगार म्हणा, भागीदार म्हणा. १९७३ ला त्यांनी आठ महिने पगार घेतला नाही आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत. चामडे कापून ते तेलात दोन दिवस बुडवून ठेवायचे, मग लाकडी ठोकळ्यात दाबून वाटीचा आकार द्यायचे. त्यांच्या पेटीत एक मितुतोयो कंपनीचा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घ्यायचे जबड्याचे साधन, होता, ऊनपावसाने काळवंडलेला पण जबडे सरळ. जुन्या बंदुकीच्या नळीवर काय खोदले आहे यावर त्यांचा विश्वास नसे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेत, वितळलेला गंधक ओतून साचा काढायचे, तो थंड झाला की मोजायचे. बूड, खांदा, मान, तोंड, चार आकडे खडूने फळीवर. मग म्हणायचे, "अब बोलो, ये कौन है." हा व्हर्नियर आज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मुलाने डिजिटल आणलाय, बॅटरी संपली की माझाच मागतो.

खारकर आळीतल्या वकीलसाहेबांकडे .३१८ ची रायफल होती, वडिलोपार्जित. १९७२ नंतर तिचा उपयोग शून्य. तरी ते आमच्याकडून काडतुसे घेत राहिले, परवान्यावरची मर्यादा भरेपर्यंत. मर्यादा भरल्यावर काय? तर दर खंडेनवमीच्या आधी रायफल तेलपाण्याला आणायची. न उडालेली रायफल ती, तिला कसले तेलपाणी! उस्ताद तरीही तासभर फॉस्फर ब्राँझचा ब्रश फिरवायचे, वकीलसाहेब स्टुलावर बसून पेपर वाचायचे आणि जाताना बिलाच्या दुप्पट पैसे ठेवून जायचे. सावकाराच्या कज्जात त्यांनी फी घेतली नाही, हे अण्णा गेल्यावर कागद चाळताना कळले.

उरलेल्या मालाचे म्हणाल तर शेवटी पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात दिला. अण्णांनी त्या दिवशी दुकान उघडले नाही.

पण त्याच ढिगाऱ्यात एक धडा होता, तो मला फार उशिरा दिसला. .३१८ आणि .३७५ हॉलंड, दोन्ही साधारण १९१० च्या आसपासची. .३१८ आज नावाला उरले. १९१२ चे .३७५ अजून जगभर नवे बनते. कारण .३७५ साठी अमेरिकेतल्या विन्चेस्टरसारख्या कारखान्याने रायफली काढल्या, आणि ती ज्या-त्या दुकानात मिळू लागली. .३१८ विलायती कारागिरांच्याच घरात राहिले. काडतूस वेगाने टिकत नाही. किती घरांत त्याची बंदूक आहे आणि किती फळ्यांवर त्याचे खोके आहे, त्यावर टिकते. आणि सरकार काय म्हणते त्यावर.

हे शेवटचे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हिंदुस्थानात .४५० ची काडतुसे बंद केली, बंडखोरांच्या हाती लागतील म्हणून. लगेच विलायती कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी रांग लावली, काम तेच, आकडा वेगळा. लष्कराची .३०३ नागरिकाला नाही, म्हणून बीएसए या विलायती कंपनीने तीनशे पंधराच्या रायफली पाठवल्या, आणि तीच तीनशे पंधरा पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने केली. नाइन एमएम आजही प्रतिबंधित बोअर, म्हणून आपल्याकडे बत्तीस. २०१४ चे निर्भीक बत्तीस, २०२३ चे प्रबल बत्तीस. नवे रिव्हॉल्व्हर, काडतूस खापरपणजोबांचे. ऐंशीच्या दशकात बंदुकांची आयात बंद झाली ती वेगळीच गोष्ट.

अमेरिकेतही तेच चालते, फक्त तिकडे सरकार कमी आणि बाजार जास्त. .३५० लेजंड २०१९ ला आले. बॅलिस्टिक्समध्ये, म्हणजे गोळीच्या उड्डाणात, काही दिवे लावलेले नाहीत, पण तेव्हा ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात रायफलने हरीण मारायचे तर सरळ भिंतीचे, मान नसलेले काडतूसच लागायचे, म्हणून ते रुजले. हे त्यांचे तीनशे पंधराच! ते टिकेल. ६.५ क्रीडमोर बघा. त्याच व्यासाचे .२६० रेमिंग्टन १९९७ पासून होते, बरे होते. हॉर्नाडी या काडतूस कंपनीने २००७ मध्ये क्रीडमोर काढले, कारखान्यातली नेमबाजी स्पर्धेची काडतुसे परवडतील अशा भावात दिली आणि सुरुवातीला दारूच्या भरणीचा हिशोबसुद्धा खोक्यावर छापला. रेमिंग्टनने आपल्या पोराला कधी धड कपडेच घातले नाहीत. विन्चेस्टरची सुपर शॉर्ट मॅग्नम, २००३ ची, आखूड आणि जाडी, आली तशी गेली. त्यांची थोरली बहीण .३०० शॉर्ट मॅग्नम मात्र तग धरून आहे.

पिस्तुलांत जास्त रडारड. १९८६ च्या मायामीतल्या गोळीबारानंतर एफबीआयला दणकट काडतूस हवे झाले. टेन एमएम घेतले, ते हातात मावेना, ते आखडून १९९० मध्ये .४० झाले. बहुतेक पोलिसांनी ते घेतले. २०१५ च्या सुमारास एफबीआय परत नाइनवर. .४० वाढणार नाही, पण इतकी पिस्तुले घरोघर गेलीत की पुढची तीस वर्षे खोकी निघत राहतील. .४५ गॅप २००३ चे, काही राज्यांच्या पोलिसांनी घेतले आणि सोडले. मेले. २०२२ च्या .३० सुपर कॅरीने दहाच्या जागी बारा गोळ्या बसतात म्हणून सांगितले. दोन गोळ्यांसाठी कोणी सगळे घर बदलत नाही. तेही चालले. टेन एमएम, जे हातात मावत नव्हते, ते मात्र अस्वलांच्या प्रदेशात फिरणाऱ्यांनी परत आणले.

अमेरिकी लष्कराने २०२२ ला निवडलेले ६.८ बाय ५१, बुडाला पोलाद आणि अंगाला पितळ, दाब चौरस इंचाला ऐंशी हजार पौंडांपर्यंत. लष्कर धरून राहिले तर जगेल. नागरिकाने मात्र घाई करू नये.

भाच्याला म्हटले, सेव्हन पीआरसी घे. हॉर्नाडीचे २०२२ चे, आणि रायफल करणाऱ्या बहुतेक कारखान्यांनी त्याच्या रायफली काढल्यात. वेस्टर्न एक वर्ष आधीचे, काडतूस वाईट नाही, पण ते विन्चेस्टर-ब्राउनिंगच्याच घरात राहिले. आमच्या .३१८ सारखे. "आणि काही सुचत नसेल तर तीस-झिरो-सिक्स घे," म्हटले. तो हसला. हसू दे.

इथल्या लोकांसाठी दोन गोष्टी सांगतो, कोणी विचारल्या नसल्या तरी. जुनी बाराबोर असेल तर चेंबर मोजून घ्या. पासष्ट मिलिमीटरच्या चेंबरमध्ये सत्तरचे काडतूस बसते, पण उडताना त्याचे तोंड पुढे उघडायला जागा नसते आणि दाब चढतो. आणि ठाण्याच्या हवेत चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे ठेवू नका, पितळ हिरवे पडते. तेल तर मुळीच लावू नका, काडतुसाच्या बुडाच्या टोपीत झिरपते. पूर्वी कागदी काडतुसे जूनमध्ये इतकी फुगायची की मुरबाडचे शेतकरी नळीत बसत नाहीत म्हणून परत घेऊन यायचे, आणि रानडुक्कर तोवर शेत साफ करून गेलेले असायचे.

१९७८ ला मी दुकानात बसलो. त्यानंतरची चाळीस वर्षे परवाने, नूतनीकरण, निवडणुकीची आचारसंहिता आणि जमा झालेल्या बंदुकांच्या पावत्या. त्यात सांगण्यासारखे नाही.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहिली, आणि जादाची जमा करायला वर्षाची मुदत मिळाली. तीनपैकी कुठले जाणार? ज्याचे काडतूस मिळत नाही तेच. डिसेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात वकीलसाहेबांचा मुलगा, तोही आता सत्तरीचा, .३१८ घेऊन आला. उस्ताद असते तर त्यांनी पुन्हा ब्रश फिरवला असता. मी फिरवला. नळी आरशासारखी होती. मी पावती केली, त्याने बिल विचारले, मी नाही म्हटले, आणि तो दुप्पट पैसे ठेवून गेला.

यंदा मार्चमध्ये मुलाने नवे रजिस्टर आखायला घेतले. सहा बोअरची पाने झाली आणि त्याने विचारले, पुढे कोरी किती सोडू? दोन सोड म्हटले. त्याने चार सोडली.