रात्री साडेदहाचा मेसेज

हिंगणा एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथे एचआर बघतो. हजेरी, पगार, पीएफ, शिवाय कॅन्टीनच्या वरणात पाणी जास्त झाल्याची तक्रार, सगळं माझ्याच टेबलावर. मे महिना म्हणजे थंड पेयांच्या खोक्यांचा सीझन. २०२३ च्या नवतप्यात, ऊन मी म्हणत असताना, आमच्या डिस्पॅच इन्चार्जला उचलून गाडीत घालावं लागलं.

गाडी धर्मकाट्यावर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि हा चलनबुक हातात धरून गठ्ठे मोजत होता. चाळीसपर्यंत जायचा आणि परत एकपासून सुरू करायचा. लोडिंगचा पोरगा म्हणाला, "भाऊ, झाले ना मोजून." तसा तो गठ्ठ्यांमागे खालीच बसला. श्वास जोरजोरात, बोटं आखडून वाकडी झालेली, शर्ट ओलाचिंब. "मी गेलो आता," एवढंच बोलत होता. अटॅक आला असंच सगळ्यांना वाटलं. कुणी उन्हाचं म्हणून कांद्याचा रस आणायला पळालं.

हॉस्पिटलमध्ये ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, नीट झोपून किती दिवस झाले? उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "फोन वाजला की उठून बसतात जी. नाही वाजला तरी उठतात. मी रात्री फोन कणकेच्या डब्यात ठेवून देते, तरी म्हणतात वाजून राहिला."

पॅनिक अटॅक होता. एक रात्र देखरेखीखाली ठेवून त्यांनी मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली.

मालक संध्याकाळी आले. सगळेच मालक आधी जे विचारतात तेच त्यांनीही विचारलं, "पैशाची अडचण असन तर सांग रे भाऊ." तो म्हणाला, "पैशाचं नाही जी. साडेदहाला ग्रुपवर टाका लागते. मंग छोटे मालक विचारतात. मंग झोप नाही येत."

छोटे मालक म्हणजे मालकांचा मुलगा. पुण्याहून एमबीए करून आला आणि त्याने रोज रात्री डिस्पॅच रिपोर्टची पद्धत घातली. पोरगा वाईट नाही. त्याच्या लेखी तो दोन ओळींचा मेसेज. उत्तर सकाळी आलं तरी चालेल, असं तो मनापासून म्हणायचा. पण मालकाच्या मुलाचा मेसेज सकाळपर्यंत कोण ठेवतो? कामगाराच्या ओव्हरटाइमची नोंद होते, कायद्याप्रमाणे दुप्पट दराने पैसेही मिळतात. इन्चार्जच्या रात्रीच्या फोनची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मुलाने रात्रभर बसून स्लाइड्स केल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा, नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. पुढे योगा, हास्य क्लब, एक मोटिव्हेशनल वक्ता. मालक म्हणाले, "हे जगाचं झालं. आपल्या गेटच्या आतलं सांग." मी रजेचं रजिस्टर आणि ग्रुपच्या मेसेजच्या वेळा पुढे ठेवल्या. त्याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाची पद्धत बदला, वरिष्ठांना प्रशिक्षण द्या, असंही आहे. ते पान स्लाइडमध्ये आलं नव्हतं. वक्ता रद्द झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ताण हसण्यावारी न्यायला सांगणाऱ्या माणसाला आपण फी का द्यायची?

मालकांनी ठरवलं ते असं. रात्री आठनंतर ग्रुप बंद. गाड्या रात्रीच निघतात, म्हणून रात्रीचं डिस्पॅच पाळीपाळीने आणि बदल्यात सुट्टी. त्या पाळीत मुलाचंही नाव. पहिल्याच रात्री ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला दीड वाजता उठवलं. त्यानंतर रिपोर्टचा फॉर्म आपोआप आखूड झाला.

खरी कसोटी कॅन्टीनमध्ये होती. आजारी माणसाची तब्येत बरी नाही, तो रजेवर आहे, याच्यापुढे कुणाला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण नागपुरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला पत्ता सांगतानाही लोक 'पागलखाना चौक' म्हणतात. एकाने त्या चौकावरून जोक मारलाच. मालक तेव्हा ताट घेऊन आत येत होते. ते त्याच टेबलावर बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, "लॉकडाउनमध्ये मी डॉक्टरकडून झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. कारखाना बंद आणि पगार द्यायचा. गोळीचं नाव सांगू का?" मग लोणचं मागितलं.

त्या संध्याकाळी आमचा एक इलेक्ट्रिशियन केबिनमध्ये आला, दार लावलं आणि साळ्यासाठी डॉक्टरचा नंबर मागितला. त्यानंतर बऱ्याच जणांचे साळे आजारी निघाले. मी नंबर देतो, शिवाय टेली मानसचा १४४१६ देतो. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो आता संडासाच्या दारांवर आतून चिकटवलाय. नोटीस बोर्डापुढे उभं राहून असला नंबर कुणी उतरवून घेत नाही.

पैशाचा घोळ वेगळा. डिस्पॅच इन्चार्जचा पगार २१,००० च्या वर, म्हणून ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा नाही, ग्रुप मेडिक्लेम. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्या, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा विमा कंपन्यांना सांगतो. पण आमची पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच चालते. तज्ज्ञांची फी आणि गोळ्या ओपीडीत. मालकांनी तो खर्च स्टाफ वेलफेअरमध्ये टाकायला सांगितला. मी एकच अट घातली, की बिलं अकाउंट्सच्या ट्रेमध्ये जाणार नाहीत, माझ्या कुलपात राहतील.

तो परत आला तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी अर्धा दिवस, तोही स्टोअरमध्ये, पगार तोच. काहींनी कुरकुर केली, अजूनही करतात. डिस्पॅचला परत जायचं त्याच्या मनात आहे. मालक घाई करत नाहीत. भेटले की "बरा आहेस का" विचारत नाहीत, "आज घरी किती वाजता?" विचारतात.

यंदा रिन्यूअलला आम्ही ओपीडी धरून कोटेशन मागवलं. आकडा बघून मालकांनी चष्मा काढला, एजंटसाठी चहा मागवला आणि घासाघीस सुरू केली. ती अजून चालू आहे.