शब्दशः नोंद ठेवली आहे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात चांदवडहून फोन आला, त्याआधी सिन्नरच्या एका मुलाचा निरोप होता. दिवाळीत फराळाला आलेल्या मावसभावानं चकली खाता खाता तेच विचारलं : "ताई, तुला संसदेचे कागद सापडतात ना? मग आमचे खासदार समितीत कांद्यावर काय बोलले तेवढं शोधून दे." हे 'तेवढं' ऐकलं की माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं मी टाळतेय. मी कुणाला तरी सांभाळून घेतेय, असंही एक-दोघं बोलून गेले. सांभाळून कुणालाच घेत नाही. पण फोनवर अर्धवट सांगून भागत नाही, म्हणून आता सगळं लिहून काढते.

सभागृहातलं मिळतं. तारांकित (मंत्री तोंडी उत्तर देतात तो) असो, अतारांकित (लेखी उत्तराचा) असो, प्रश्नाला नाव, तारीख आणि मंत्रालय असतं. भाषणं तर शब्दागणिक आहेत. तुमच्या खासदारांनी पाच वर्षांत कांद्यावर किती प्रश्न टाकले, हे मी एका दुपारी काढून देते, आणि दिलेलं आहे. समितीचं, म्हणजे एकेका खात्याचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या छोट्या गटाचं, तसं नाही. लोकसभेच्या नियमावलीत २६६ वा नियम आहे : समितीच्या बैठका खाजगीत होतील. पुढे २७५ वा : सभागृहाच्या पटलावर न ठेवलेली साक्ष किंवा कामकाज लोकसभा अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कुणालाही पाहता येणार नाही. आपल्या हाती येतो तो अहवाल आणि त्याच्या शेवटी जोडलेलं बैठकीचं इतिवृत्त. इतिवृत्तात हजर सदस्यांची नावं असतात. मग साक्षीदारांची, म्हणजे सचिव, सहसचिव, नाफेडचे अधिकारी वगैरे. मग एक ओळ, की सदस्यांनी शंका विचारल्या आणि प्रतिनिधींनी त्यांचं निरसन केलं. मग साक्षीदार निघून गेले. आणि जवळजवळ प्रत्येक इतिवृत्ताच्या तळाशी हे वाक्य : कामकाजाची शब्दशः नोंद ठेवण्यात आली आहे.

ठेवली आहे. म्हणजे कोण काय बोललं ते कुठंतरी टाइप होऊन, फायलीत लावून ठेवलेलं आहे. नाही असं नाही. माहिती अधिकारात मागून पाहिलं, तर कलम ८ मधली संसदेच्या विशेषाधिकाराची तरतूद दाखवून अर्ज परत आला. विधिमंडळाच्या समित्यांचंही फार वेगळं नाही. पंचायती राज समितीचा दौरा लागला की अख्खी जिल्हा परिषद रात्री जागते, पण आत कुठल्या आमदारानं कुणाला काय विचारलं ते आपल्याला ऐकीवच कळतं.

मग तू इतकी वर्षं शोधतेस तरी काय, असं विचाराल. विषय शोधते. तोही सरळ सापडत नाही. सुरुवातीला मी कृषी समितीचेच अहवाल उपसत बसले होते, कारण कांदा शेतात पिकतो. दोन हिवाळे गेले तेव्हा लक्षात आलं, की किंमत स्थिरीकरण निधी, म्हणजे भाव सावरायला सरकार ज्यातून कांदा घेऊन साठवतं तो पैसा, १ एप्रिल २०१६ पासून कृषी खात्याकडून ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला आहे. म्हणजे त्यानंतरची बफर साठ्याची, नाफेडच्या खरेदीची चर्चा ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण समितीत. निर्यातबंदी आणि निर्यात शुल्क वाणिज्य समितीत, आणि ती समिती राज्यसभेच्या सचिवालयाकडे. एक कांदा, तीन समित्या, दोन सभागृहं. शिवाय जुने अहवाल म्हणजे पानांचे नुसते फोटो. त्यात शब्द टाकून शोधलं की शून्य येतं. आणि ते शून्य खरं नसतं, पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात.

आणखी एक सांगते, याचा उपयोग होईल. अहवालानंतर सरकारनं त्यावर काय केलं, याचा दुसरा अहवाल येतो. त्याचं चौथं प्रकरण आधी उघडा. सरकारचं जे उत्तर समितीनं मान्य केलं नाही, ते तिथं असतं. सत्ताधारी आणि विरोधक मिळून खात्याला 'हे पटलं नाही' म्हणतात, ते वाचण्यासारखं असतं. पण तिथंही म्हणते ती 'समिती'. समितीला वाटतं, समितीला खेद होतो. एकतीस माणसं, एकवीस लोकसभेची आणि दहा राज्यसभेची, सगळी त्या एका शब्दात जातात.

आता ते सांगते, जे फोनवर कधी सांगितलं नाही.

८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. लाल कांदा तेव्हा नुकता बाजारात उतरला होता. लिलाव बंद पडले. आमच्या निफाड तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात सभा ठेवली. माझ्या भावाचे दोन ट्रॅक्टर भरून उभे होते आणि मी नाशिकहून मुद्दाम गेले होते, पिशवीत कागद घेऊन. सभेला एक माजी संसद सदस्य आले होते. दुसऱ्या जिल्ह्यातले. नाव लिहीत नाही. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मी समितीत असताना तुमचा प्रश्न मांडला होता."

माझ्याकडे त्या समितीची इतिवृत्तं होती. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून त्यांच्या नावाखाली पिवळ्या रेघा मारल्या होत्या. मी उठले, माइक मागितला. बैठकीची तारीख वाचली, हजर सदस्यांची यादी वाचली, त्यांचं नाव वाचलं. मग मी म्हणाले, "उपस्थित. एवढंच. एक अक्षर बोललेले नाहीत."

नीट बघा. 'उपस्थित' हे कागदातलं होतं. 'एक अक्षर बोललेले नाहीत' हे माझं होतं. त्या क्षणी मला दोन्ही एकच वाटले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. ते गृहस्थ चिडले नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "ताई, तिथं काय बोललो ते बाहेर सांगायची मला मुभा नाही." त्यावर तर पटांगणभर हशा उठला. त्यांनी सत्काराची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना नमस्कार केला आणि गाडीकडे निघाले. भाऊ माझ्याकडे अभिमानानं बघत होता. मलाही बरं वाटलं. ते मी लपवणार नाही, फार बरं वाटलं.

सहा-सात महिन्यांनी एका लग्नात एक निवृत्त अधिकारी भेटले. माझ्या पंगतीलाच बसले होते. त्या बैठकीच्या वेळी ते खात्याच्या साक्षीदारांत होते, मागच्या रांगेत. बोलता बोलता मी त्या समितीचं नाव घेतलं, तर म्हणाले, "त्या दिवशी आमची खरी परीक्षा एकाच माणसानं घेतली." आणि त्यांनी त्याच गृहस्थांचं नाव घेतलं. साठवलेला उन्हाळ कांदा किती सडतो, वजनात किती घटतो, ते कुणी मोजतं का, कुणाच्या कांदाचाळीत मोजतं, असे प्रश्न लागोपाठ. त्या बैठकीतलं आणखी काही सांगायला ते तयार नव्हते. जिलेबी तशीच ठेवून उठले.

घरी येऊन अहवाल काढला. साठवणुकीतल्या घटीवर त्यात एक परिच्छेद आहे. तो मला पाठ होता, कारण मीच तो दहा ठिकाणी वाचून दाखवला होता : बघा, समितीनं तरी शेतकऱ्यांची बाजू घेतली. त्या सभेतही, माइक खाली ठेवायच्या आधी, तोच वाचला होता. म्हणजे बहुधा त्यांचेच शब्द मी त्यांच्या अंगावर टाकले. त्यांना ते ओळखूही आले असणार, आणि 'हे माझं आहे' म्हणायची सोय नव्हती.

'बहुधा' म्हणते, कारण हेही ऐकीवच. एका निवृत्त माणसाची आठवण, तीही जेवणाच्या पंगतीतली. खरं काय ते त्या शब्दशः नोंदीत आहे.

मी त्यांना पत्र लिहिलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही वाचलंत ते खरंच होतं. कागदात माझं बोलणं नव्हतंच." मी माफी मागितली, तर म्हणाले, "राहू द्या, कांद्याचं बघा." सभेतल्या त्या दोन मिनिटांचा व्हिडिओ मात्र कुणीतरी काढला होता. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत तो फिरला. त्यात चेहरा माझा, आवाज माझा. खुलासा मी तीन गटांत टाकला, तो कुणी पुढे पाठवला नाही.

पण मी तरी काय करायला हवं होतं? हे मी स्वतःला विचारते आणि रागही येतो. नोंद उघडी असती तर माझ्याकडून हे घडलंच नसतं. आणि उलटंही आहे. 'समितीत मांडलं' असं दर निवडणुकीत कितीतरी जण सांगतात, ते तरी कशावरून खरं मानायचं? ब्रिटनच्या संसदेत समित्यांपुढच्या साक्षी बहुतेक उघड्यावर होतात, कोणत्या सदस्यानं काय विचारलं ते नावानिशी छापून येतं. मग आपल्याकडे का नाही?

यावर त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी उठता उठता जे सांगितलं, ते मला खोडता येत नाही. समितीत पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, चालत नाही. दार बंद असतं म्हणून सत्ताधारी सदस्यही आपल्याच सरकारच्या सचिवाला धारेवर धरतो. दार उघडलं की तोच सदस्य कॅमेऱ्याकडे बघून बोलेल आणि चौथं प्रकरण रिकामं राहील. पूर्वीची मी म्हणाले असते, हा सगळा लपवाछपवीचा बहाणा आहे. आजची मी तसं ठामपणे म्हणू शकत नाही. पण दार बंद असतानाची नोंद दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी तरी का उघडू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. आणि ज्यांचा कांदा या वर्षी सडला, त्यांना पंधरा वर्षांनंतरच्या कागदाचं काय, हे भावाचं म्हणणंही माझ्या कानात असतंच.

तेव्हा माझ्याकडून मिळेल ते असं. सभागृहातले प्रश्न नावानिशी मिळतील. कोण किती बैठकांना गेलं तेही मिळेल. समितीनं काय मागितलं, सरकारनं काय उत्तर दिलं, तेसुद्धा. तुमचे साहेब आत बोलले की नाही, हे मी सांगणार नाही, आणि हजेरीच्या यादीवरून तुम्हीही काढू नका.

चांदवडच्या भाऊंना काल तीन अहवाल पाठवले, चौथं प्रकरण आधी वाचा म्हणून वर लिहिलं. रात्री त्यांचा निरोप आला : "यात साहेबांचं नाव कुठंय?" पान कळवलं. उपस्थित सदस्यांच्या यादीत, बारावं.