खुराक फक्त पैलवानाचाच?

आज सरावानंतर कॉलेजच्या कुस्तीतल्या मुलींशी बोलत बसले. दिवसभरात पोटात काय गेलं, असं विचारलं. एकीचं उत्तर : सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव. दुसरी कालपासून पाणीही मोजून पीत होती, कारण ५३ किलोच्या गटात बसायचंय. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण वजन कसं सांभाळायचं, ते कुणीच धड सांगितलेलं नाही. चीड येते हो!

एवढा घाम गाळणाऱ्या मुलीला किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५३ किलोला ८० ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६. म्हणून फुटाणे, शेंगदाणे, मटकीची उसळ, दही हे रोज हवंच. महागड्या डब्यातली पावडर नसली तरी चालेल. आणि जेवणावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. त्यापेक्षा पालेभाजीवर लिंबू पिळा.

घरी भावाला दूध-बदाम आणि हिला उरलंसुरलं, हेही आजच कळलं. पालकांना बोलावणार आहे. खेळाडू मुलींशी मनापासून बोलेल अशी आहारतज्ज्ञ कुणाच्या ओळखीत असेल तर नक्की कळवा.