उशिरो उकेमी: हात मागे जायचे थांबेनात

मागच्या नोंदीत, नागपूरच्या माझ्या कारखानदार-व्यापाऱ्यांच्या जुदो बॅचच्या अंगी उशिरो उकेमी (मागे पाठीवर सुरक्षित पडणं, पडताना हातांनी मॅटवर थाप) बसली असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. निजून जमली, बसून जमली, उकिडवं बसूनही जमली. सहाव्या आठवड्यात उभ्याने पडायला लावलं आणि सगळं मुसळ केरात. सातपैकी चौघांचा तळहात पाठीआधी मॅटवर. कोपर ताठ ठेवून हात टेकला की सगळं वजन मनगटावर, आणि पंचेचाळिशीचं मनगट ते ऐकून घेत नाही.

आधी हातालाच दोष दिला. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांत, तळवे खाली, श्वास सोडत थाप. हे घोकून घेतलं. फरक शून्य. मग बाजूने व्हिडिओ काढून सावकाश पाहिला. चूक हाताच्या आधीच होते. बुटीबोरी-हिंगण्याचे कारखानदार दिवसभर खुर्चीत; इतवारीचे व्यापारी गादीवर मांडी घालून, त्यांची कंबर मोकळी, पण घोटा तितकाच आखडलेला. टाच न उचलता खाली बसताच येत नाही. बूड टाचेजवळ पोचण्याआधी तोल सुटतो आणि माणूस गुडघ्याच्या उंचीवरून पोत्यासारखा पडतो. तेवढ्या उंचीवरून हात मागे जाणारच, दटावून थांबत नाही. उकिडवं जमलं होतं ते चवड्यांवर बसून. तिथेच आपण फसलो.

तपासणी सोपी: अनवाणी पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर, टाच जमिनीला, गुडघा भिंतीला लावायचा. चौघेही ५-६ सेंमीलाच अडकले. आता रोज दोन्ही पायांना याच स्थितीत १० वाकणं, तीन फेऱ्या, आणि पायरीवर टाच खाली सोडून, गुडघा किंचित वाकवून, ३० सेकंद.

घोटा सुटायला महिना जाईल. तोवर ४० मिमीचे आठ मॅट एकावर एक, म्हणजे ३२ सेंमीचा ढीग. त्याला पाठ करून उभं राहायचं, कडेवर हळू बसायचं, तसंच मागे लोळायचं. ढीग दोन मीटर लांब हवा, नाहीतर डोकं बाहेर लटकतं. आणि मागून एकाने धरून ठेवायचा, सरकतो. मग हळूहळू दोन-दोन थर कमी. हनुवटीखाली टेनिसचा चेंडू: चेंडू सुटला तर ती उकेमी मोजायची नाही. सहाव्या थरावर एकाचा 'धप्प' जाऊन स्वच्छ 'चट' आला, तेव्हा बाकीचे सराव थांबवून बघत होते.

मॅटबद्दल एकदाच सांगतो: २० मिमीचे जोडमॅट कराटेला ठीक, जुदोला पैसे वाया. पत्र्याच्या शेडखाली नागपूरच्या मे महिन्यात ईव्हीए (मॅटचा फोम) आकसतो, जोड उघडतात आणि पायाचं बोट अडकतं. जुदोचं जाकीटही इथे ३५० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम कापड) पुरे. ७५० चं स्पर्धेसाठी राहू द्या.

'वेळ कुठे आहे' म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: ५० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची १५० मिनिटं तिथेच भरतात. शिवाय कुणी कॉलर धरलेली असताना जीएसटीचा विचार करून दाखवा! अडचण वेगळी आहे. केसा गातामेत (जमिनीवर दाबून धरायची पकड) मालक लोक 'सोड' म्हणून थाप द्यायला फार उशीर करतात, श्वास कोंडून ढकलत राहतात, आणि रक्तदाब तिथेच चढतो. म्हणून नियम केला: श्वास अडकला की दोन थापा, चर्चा नाही. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

लिहिता लिहिता एक सुचलं. दोन आठवडे पडतानाची थाप काढूनच टाकली तर? दोन्ही हातांनी स्वतःच्या जाकिटाची कॉलर छातीशी धरायची आणि नुसतं गोल होऊन पडायचं. हात गुंतले, मागे जायचा प्रश्नच मिटला. पाठ गोल झाली नाही तर लगेच कळेल. थाप नंतर जोडू. त्यामुळे ओ सोतो गारी ही फेक पुढच्या आठवड्यातून काढून लांबवली, ओ गोशी ही दुसरी फेकही त्यामागे.

शनिवारी ढिगाचे आणखी दोन थर काढतो. शुक्रवारी रात्री सावजी हाणून यायचं नाही, हे बॅचला सांगून झालंय. मागे लोळताना रस्सा घशाशी येतो.