जाताना मागून वारा, येतानाही मागून

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे: विमानातल्या टॅबलेटवर आपण नेमके कुठे आहोत हे दिसत असताना, विमान चालवायला शिकणाऱ्यांसाठी लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर रेघा मारून नकाशावर अंतर मोजायच्या पट्ट्या कशाला करता? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा मंद हसू असते. आजवर मी त्या हसण्याला चिडून उत्तर दिले, म्हणून ते कोणाला कळले नसावे.

आधी कबूल करतो की टॅबलेट माझ्या पट्टीपेक्षा चांगला आहे. एप्रिल-मे महिन्यांत लातूरच्या उन्हात काचेखाली ठेवलेला टॅबलेट तापून बंद पडतो, हे मी पूर्वी मोठ्या आवेशाने सांगत असे. ते खरेही आहे; पण तो सावलीत ठेवला की चालतो, हेही तितकेच खरे आहे, आणि ते मी सांगत नसे.

पट्टी अगदी साधी असते. आपला नकाशा एकास दहा लाख प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. नॉटिकल मैल 1852 मीटरांचा, म्हणून त्याला 1.852 मिलिमीटर. पट्टीच्या एका कडेला मैल आखतो आणि दुसऱ्या कडेला 90 नॉट (म्हणजे ताशी 90 नॉटिकल मैल) वेगाच्या विमानासाठी मिनिटे, म्हणजे दर 10 मिनिटांना 15 मैल, सुमारे 27.8 मिलिमीटर. मागच्या बाजूला वाऱ्याचा तक्ता असतो. वाऱ्याच्या वेगाला 60 ने गुणून विमानाच्या वेगाने भागले की विमान जास्तीत जास्त किती अंश ढकलले जाईल ते कळते: 15 नॉटचा वारा अगदी आडवा असेल तर 10 अंश, मार्गाशी 30 अंशांत असेल तर निम्मे. एवढे गणित हवेत तोंडीही करता येते. पण हवेत तोंडी गणित येतेच असे नाही, आणि ज्याला हे पटत नाही त्याने एकदा एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने भागाकार करून पाहावा.

आता ती गोष्ट, जी मी आजवर टाळत आलो. मी स्वतः विमान चालवायला शिकत होतो तेव्हाची. पहिली पट्टी मी संगणकावर आखली, एका दुकानात छापून घेतली आणि एवढा खूश झालो की आणखी चार प्रती काढून सोबतच्या चौघांना वाटल्या. पुढच्याच आठवड्यात प्रशिक्षकांसोबत लातूरहून नांदेडपर्यंत जाऊन, तिथे न उतरता, परत यायचे होते. अंतर सुमारे 67 मैल. माझ्या पट्टीने ते एकाहत्तरच्या वर भरले. नकाशावर आधीच कोणी आखलेले अंतर पाहण्याची मला गरज वाटली नाही.

वाटेतले रेणापूर लातूरच्या जवळ असल्याने तिथे काही जाणवले नाही. लोहा मात्र माझ्या हिशेबापेक्षा दोन मिनिटे आधी आले. मी ताबडतोब निष्कर्ष काढला की मागून सहा नॉटचा वारा आहे, आणि उरलेला वेळ त्या हिशेबाने नव्याने मांडला. गोदावरी आणि विष्णुपुरीचे धरण अगदी मांडलेल्या मिनिटाला आले. माझी छाती किती फुगली असेल, ते सांगायला नको. चुकीची पट्टी स्वतःशी किती प्रामाणिक असते, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

परतताना तोच वारा समोरून येणार, म्हणून मी वेग 84 धरला आणि लातूरला 51 मिनिटे लागतील असे लिहिले. लोहा पुन्हा आधी आले. घड्याळ सुरू करायला मला उशीर झाला असावा, असे मी ठरवले. पुढे धुरकट हवेत रेणापूर दिसले, आणि ते रेणापूर नव्हेच असे मी ठरवले, कारण पट्टीप्रमाणे ते अजून यायचे होते. वैशाखात कोरडे पडलेले मांजरेचे पात्र मी ओढा समजून ओलांडले. जिच्या पाण्यावर वाढलो ती नदी मी ओळखली नाही, कारण हातातला पुठ्ठा वेगळे सांगत होता. पंचेचाळिसाव्या मिनिटाला आमची धावपट्टी डाव्या पंखाखालून मागे गेली आणि मी समोर पाहत राहिलो.

प्रशिक्षक आणखी दोन मिनिटे गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, जाताना वारा मागून, येतानाही मागून. आज वारा दोन्हीकडून वाहतोय का?"

खाली उतरल्यावर पट्टीला शाळेतली मोजपट्टी लावली. छापताना संगणकाने ती पानात बसावी म्हणून शंभराला चौऱ्याण्णव अशी आकसवली होती. मी बरीच वर्षे दुकानदाराला दोष दिला. त्याने पान छापून दिले होते. मोजायचे काम माझे होते. पट्टी आकसली म्हणून अंतर जास्त दिसले आणि मी फक्त हास्यास्पद ठरलो. ती तेवढीच फुगली असती तर अंतर कमी दिसले असते, आणि तेव्हा हिशेब मिनिटांचा नव्हे, इंधनाचा चुकला असता.

मी पुढे वैमानिक झालो नाही. त्याची कारणे पैशांची होती, या प्रसंगाची नव्हती, असे मी सांगत आलो आहे. तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, विकतची पट्टी घेतली असतीस तर हे झालेच नसते. त्याला माझ्याकडे नीटसे उत्तर नाही. मी एवढेच म्हणेन की विकतची पट्टी मी कधी मोजली नसती. आता माझ्या प्रत्येक पट्टीवर दहा सेंटिमीटरची एक तपासणीची रेघ असते आणि शेजारी लिहिलेले असते की ही रेघ बरोबर भरली नाही तर पट्टी फाडून टाका. काही विद्यार्थी मोजतात, काही माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि मला दुसऱ्यांचीच जास्त भीती वाटते.

वाटलेल्या चार पट्ट्यांपैकी तीन मी त्याच संध्याकाळी परत घेतल्या. चौथी ज्याच्याकडे होती त्याने हरवली म्हणून सांगितले. तो आज मोठी विमाने चालवतो, दिवाळीला फोन करतो, आणि ती पट्टी लावून त्याने कधी काही मोजले होते का, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.